जावईबापूंची रबरी बोट

माझ्या माहेरी, म्हणजे पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्यात, जावयाला कुणी ‘नको’ म्हणत नाही. त्याने तिसऱ्यांदा भात मागितला तर वाढतात, भर उन्हात समुद्रावर जातो म्हणाला तर हातात टॉवेल देतात, आणि पुण्याहून डिकीत बोट घालून आणली तर ‘बरं केलंत’ म्हणतात. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढे जे झालं त्याचा दोष तुम्ही भरतीला द्याल, वाऱ्याला द्याल, निदान बोटीला तरी द्यालच.

बोट हवा भरायची होती, दोन माणसांची. म्हणायचं रबरी, असतं प्लास्टिक. खोक्यावर एक जोडपं निळ्याशार पाण्यात हसत वल्हवत होतं. त्यांच्या आसपास सासरचं एकही माणूस दिसत नव्हतं.

कुठे जायचं यावर रात्री सोप्यावर बैठक झाली. नवऱ्याचा मूळ बेत कुंभारजुव्याच्या कालव्याचा. मांडवी आणि झुआरीला जोडणारा हा साधारण १५ किलोमीटरचा जलमार्ग. दोन्ही काठांना कांदळवन, पाणी संथ, लाटांचा त्रास नाही. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“छान आहे भावोजी. मगरीही दिसतील.”

मगर खरी गोड्या पाण्यातली, पण त्या कालव्याच्या मचूळ पाण्यात ती सुखाने नांदते. लोक पैसे मोजून होडीतून तिला बघायला जातात. त्या बाजूच्या काही गावांत तर पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर घडवून पूजतात. मानगे थापणी म्हणतात त्याला.

“काही करत नाहीत ना?” नवऱ्याने विचारलं.

“छे हो! लाकडी होडीला कधीच काही केलेलं नाही.”

कालवा रद्द झाला. मग मांडवी निघाली. तिथे पणजीसमोर कॅसिनोची जहाजं, शिवाय बार्जेस आणि फेरीबोटी. बाबा म्हणाले, “रायबंदरहून चोडणला फेरी जाते. तिच्यात गाडी चढवता येते, गाडीत तुमची बोट. म्हणजे बोटीचीही नदी बघून होईल.” नवऱ्याला हा विनोद आहे की सोय, ते कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

शेवटी आमची घरचीच शापोरा उरली. सह्याद्रीतून तिळारी म्हणून उतरते आणि शापोऱ्याचा किल्ला नि मोरजी यांच्या मधून समुद्रात शिरते. मुखाजवळ ओढ फार, तिकडे आमचे होडीवालेही जपून असतात. पण आतल्या बाजूला तिचे फाटे खाजनांच्या बांधांना लागून लागून जातात, तिथे पाणी तळ्याइतकं शांत. खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन, आणि बांधात पाणी आत-बाहेर सोडायला दारं असतात ती मानस. ओहोटीला मानशीतून पाणी एवढ्या जोराने सुटतं की तिथे नुसतं जाळं लावून मासे धरतात. “मानशीपासून लांब राहा,” असं बाबांनी मला सांगितलं. बोट नवऱ्याची, वल्ही नवऱ्याची, सूचना मला. जावयाला सांगायच्या गोष्टी आमच्याकडे मुलीमार्फत जातात.

भरतीची वेळ बाबा तिथीवरून काढतात. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या दिवशी पौर्णिमा होऊन द्वितीया होती, म्हणजे दीड. नवऱ्याच्या फोनमध्ये ॲप होतं, त्यातली निळी रेघही दीडच्या आसपासच टोकाला पोचत होती. दोघांचं उत्तर एकच आलं याचा दोघांनाही थोडा राग आला.

मतभेद त्यापुढचा होता. नवऱ्याचं म्हणणं, दीडला पाणी सर्वांत जास्त, तर निघायचंही दीडलाच. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाये, भरतीबरोबर आत जायचं असतं आणि सुकतीबरोबर बाहेर यायचं असतं.” मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “पण दीडला पाणी जास्त आहे की नाही?” मी ते बाबांना सांगितलं.

“आहे, आहे,” बाबा म्हणाले. “जेवून जा म्हणावं.”

सकाळ हवा भरण्यात गेली. हातपंप होता, आणि त्याचा दांडा वर घेताना बोटीतली हवा परत पंपात येते अशी वहिनीची पक्की समजूत झाली होती. आळीतली पोरं जमली, त्यांनी आळीपाळीने पंप मारला, बोट गोधडीची उशी झाली. तेव्हा नवऱ्याने ती गाडीच्या टपावर बांधून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. पुस्तिकेत दाब दिला होता एक पीएसआयच्याही आत. स्कूटरच्या टायरला पंचवीस-तीस लागतात. पंक्चरवाल्याने नळी हातात घेऊन विचारलं, “किती मारू?”

“अर्धा.”

“अर्धा काय?”

“पीएसआय.”

त्याने मीटरकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, मग टपावरच्या दोरीकडे आणि शेवटी आमच्याकडे. “साहेब, एवढी तोंडानेच मारा.”

मग राहिलेली हवा पुन्हा पंपानेच भरली आणि बोट अंगणात ठेवून आम्ही जेवायला बसलो. सुंगटांचं हुमण, तळलेला इसवण, सोलकढी. बोटीवर छापलेली वजनाची मर्यादा जेवणाआधीची होती की नंतरची, हे पुस्तिकेत नव्हतं. तेवढ्या वेळात उन्हाने आतली हवा तापून फुगली आणि बोट टणटण वाजू लागली. नवऱ्याने वहिनीला वायू तापला की कसा पसरतो ते समजावून सांगत थोडी हवा सोडली. बोट पाण्यात उतरवल्यावर तीच हवा गार होऊन आक्रसली आणि मागची बैठक मऊ पडली. मागे मी होते. तेव्हा मला कुणी काही समजावून सांगितलं नाही.

अशा बोटीचा तळ सपाट असतो. खाली पाण्याला धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे उजवीकडून वल्हं मारलं की ती डावीकडे वळते, डावीकडून मारलं की उजवीकडे, आणि दोघांनी आपापल्या मनाने मारलं की जात्यासारखी जागच्या जागी फिरते. आमचं बरंच दळण झालं. काठावरच्या पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग कंटाळून ती क्रिकेट खेळायला गेली. तेवढ्यात दुपारचा खारा वारा सुटला. तो समुद्राकडून येतो, त्याने आम्हाला मागून अलगद उचललं आणि फाट्याच्या आत लोटलं. नवऱ्याला वाटलं, हात बसला. “बघ, लय सापडली,” तो म्हणाला.

आत मात्र, खोटं कशाला बोलू, फार सुंदर होतं. दोन्ही बाजूंना तिवर आणि कांदळ. कांदळाची मुळं खोडातून कमानी करत पाण्यात उतरलेली, तिवराची चिखलातून उलटी वर आलेली, श्वास घ्यायला. खंड्या एका फांदीवरून उडून पुढच्या फांदीवर बसायचा आणि आम्ही तिथे पोचलो की पुन्हा पुढे, जणू वाट दाखवायला नेमलाय. वर ब्राह्मणी घार. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. माझं बालपण या पाण्याच्या काठी गेलं, पण या उंचीवरून, म्हणजे पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, मी ते कधी पाहिलंच नव्हतं. लाकडी होडी अशा अरुंद, उथळ जागी शिरत नाही. नवरा कुजबुजत बोलायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ओहोटी फसवते ती सुरुवातीला. सहा तासांत पाणी उतरायचं असलं तर पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढंच उतरतं. तुम्हाला वाटतं, हे तर थांबलंय. मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून अर्धं जातं. आम्ही चकल्यांचा डबा उघडला तेव्हा खाली पाणी होतं. बंद केला तेव्हा चिखल होता.

नवऱ्याने वल्हं खाली टेकवलं, ते कोपरभर आत गेलं आणि बाहेर यायला तयार होईना. बोटीभोवती निवटे जमले. हे मासे पाणी गेलं तरी चिखलावर मजेत उड्या मारत फिरतात, आणि त्यांचे डोळे डोक्याच्या वर असतात, त्यामुळे ते सतत आश्चर्याने बघताहेत असं वाटतं. पाणी परतायला रात्रीचे दहा तरी वाजणार, असा मी पाऊणपटीने हिशोब केला. नवऱ्याने ॲप उघडलं. रेंज नव्हती.

तेवढ्यात तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले वेचणाऱ्या बायका बादल्या घेऊन आल्या. ओहोटी हीच त्यांची कामाची वेळ. त्यांनी आम्हाला पाहिलं, पण हसल्या नाहीत. आधी ओळख पटायला हवी.

“कोणाची गो तूं?”

मी बाबांचं नाव सांगितलं. मग आजोबांचं. मग आईचं माहेर. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्यांनी आमची तीन पिढ्यांची वंशावळ तपासली, वाटेत दोन लग्नं आणि एक जमिनीचा वाद येऊन गेला, आणि मग सर्वांत वयस्क बाईने हळूच विचारलं, “आनी हो तुजो घोव?”

मी हो म्हणाले. झालं. म्हणजे हा गावचा जावई. आता हसायची सोयच उरली नाही. एकीने पदर तोंडाला लावला आणि खोकला काढला, तेवढंच. नवरा बूट काढून उतरायला लागला तसा एकच गलका उठला. जावयाने चिखलात उतरायचं? बसा, बसा! मी मात्र उतरायला हरकत नव्हती, मी लेक. बायकांनी पुढची दोरी धरली, मी मागून ढकललं. हवेची बोट चिखलावरून लोण्यावरून जावी तशी घसरते, हे तिच्या पुस्तिकेत छापायला हवं. पाय कुठे ठेवायचा ते त्या बायकांना माहीत. मला नव्हतं, म्हणून मी कमरेपर्यंत माखले. नवरा मध्यभागी वल्हं आडवं धरून बसला होता. त्याच्या अंगावर लग्नानंतर इतकी संकोचाची कळा मी पाहिली नव्हती.

बांधाच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा पात्याइतक्या धारदार. बोट वर ओढताना फस्स असा आवाज आला. कुणी काही बोललं नाही. बायका ओढत राहिल्या, आणि जावई मानाने, सावकाश, एका बाजूने खाली गेले.

घरी बाबांनी साबणाचा फेस लावून छिद्र शोधलं. दादाने सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावून पाहिलं; ते रबरासाठी असतं, या प्लास्टिकवर टिकेना. खोक्यातलं ठिगळ आणि डिंक सापडल्यावर मात्र धरलं. चिखल धुवायला विहिरीवर संध्याकाळ गेली, सुकवायला दुसरा दिवस. घडी घालायचा प्रयत्न केला तेव्हा बोट तिच्या पिशवीत मावेना. नवी असताना त्या पिशवीत पंप, वल्ही आणि पुस्तिकाही होती. शेवटी नवरा म्हणाला, “इथेच ठेवू का? पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा...”

“ठेवा की जावईबापू,” बाबा म्हणाले. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

आम्ही पुण्याला पोचलो त्याच आठवड्यात आईचा फोन आला. बाबा आणि दादा पहाटे भरतीबरोबर आत गेले होते, सुकतीबरोबर बाहेर आले, आणि गरीला चांगली मोठी तांबोशी लागली. तिचं काय काय केलं ते सांगून झाल्यावर तिने आवाज खाली आणला. “बाबा विचारत होते, त्या बोटीला मागे लावायची मोटर मिळते का गं? जावईबापूंना बोलू नकोस हो, वाईट दिसतं. तूच बघ.”

फोन स्पीकरवर नव्हता. तरी शेजारी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने ‘मोटर’ एवढं बरोब्बर ऐकलं.