वेल्डिंगपूर्वीची सही

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनंतर धोकादायक कारखाने वस्तीपासून दूर हलवावेत, अशी मागणी जोर धरून आहे. माझे आईवडील त्याच भागात राहत असल्याने मला ती मनापासून पटते. तरीही स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे दुरुस्तीच्या कामांची आखणी करताना वाटत राहते, की नव्या जागीही शटडाउन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवणे) घ्यावे लागेल, टाक्यांवर वेल्डिंग होईल, आणि त्याची परवानगी कोण, काय तपासून देणार, हे कोणीच विचारत नाही.

येथील हेझलहेड पार्कमध्ये पायपर आल्फा या समुद्रातील तेलफलाटावर मरण पावलेल्यांचे स्मारक आहे. ६ जुलै १९८८ रोजी त्या फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. काम संध्याकाळपर्यंत उरकले नाही, म्हणून उघड्या तोंडावर तात्पुरती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी धातूची चकती, बसवली गेली. मात्र व्हॉल्व्ह जागेवर नसल्याचे रात्रपाळीला कळलेच नाही आणि दुसरा पंप बंद पडताच तिने हाच पंप सुरू केला. त्या तोंडातून गळलेल्या वायूचा स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. आज मी ज्या परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, सही करतो, त्याचे काम अर्धवट राहिले तर पाळी बदलताना ते समोरासमोर समजावून द्यावे लागते.

कायदा आपल्याकडेही होताच. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ नुसार ज्वालाग्राही पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय टाकीवर वेल्डिंग वा कटिंग करता येत नसे, आणि धातू पुरेसा थंड होईपर्यंत तो पदार्थ पुन्हा आत सोडता येत नसे. परंतु परदेशी येण्यापूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तेथे सकाळी आलेल्या कंत्राटी वेल्डरला ‘टाकी रिकामी आहे’ एवढेच सांगितले जाई. सॉल्व्हंट (ज्वालाग्राही द्रावक) काढून घेतलेल्या टाकीत उरलेली वाफच ठिणगीने पेट घेते, हे त्याला कोणी सांगत नसे, आणि गॅस मोजेपर्यंत थांबतो म्हटले तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडे.

म्हणून स्थलांतराच्या चर्चेतच माझी मागणी आहे, की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनी परमिटची फाइल कार्यालयात न पाहता चालू कामाच्या जागी पाहावी, आणि थांबलेल्या वेळेची मजुरी कंत्राटातच लिहिलेली असावी.