पॅकेज न सांभाळता मेंटेनर कसे राहावे

आर्च लिनक्स या संगणकप्रणालीच्या एयूआरवर, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याच्या कृती (पॅकेजे) वापरकर्तेच जिथे ठेवतात त्या सामाईक कोठारावर, पॅकेज सांभाळणारा ‘मेंटेनर’ म्हणून आपले नाव झळकावे, पण त्यासाठी काही काम करावे लागू नये, अशी आपली इच्छा असेल तर संकोच करू नये. गेल्या पावसाळ्यापासून मला या कलेतील एका निष्णात मेंटेनरचे, अधिक नेमके सांगायचे तर त्याच्या मौनाचे, सान्निध्य लाभले असून, त्यातून मिळालेले ज्ञान एकट्यानेच बाळगणे मला अप्पलपोटेपणाचे वाटते.

पहिली गोष्ट पॅकेजच्या निवडीची. फार लोकप्रिय पॅकेज घेऊ नये, कारण त्यावर शेकडो डोळे असतात आणि आपली झोप लवकर उघडकीस येते. थोड्याच लोकांना, पण अगदी रोज लागणारे पॅकेज उत्तम. माझ्या गुरुवर्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा काढून त्यांचा आलेख देणारे एक पॅकेज निवडले होते. मालवणच्या किनाऱ्यावर बसून मी त्याच्या साहाय्याने दर आठवड्याचा एक कागद छापतो आणि तो काही तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, घेऊन जातात. खाडीच्या मुखाशी गाळ असला की होडी भरतीलाच आत येऊ शकते, आणि उधाणाची मोठी भरती कोणत्या दिवशी, भांगाची लहान कोणत्या दिवशी, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक असले तरी मिनिटांचा हिशेब छापील असलेला त्यांना बरा वाटतो. असे गिऱ्हाईक मेंटेनरला आदर्श समजावे, कारण ते एयूआरवर येऊन टिप्पणी करत नाही.

पॅकेज एकदा चालले की त्याला पुन्हा हात लावू नये.

आर्च हे सतत पुढे सरकणारे वितरण असल्याने खालची जमीन हलणारच, पण ती आपण हलवलेली नसते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१२ या आवृत्तीतून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, डिस्टयुटिल्स हे बांधणीचे जुने साधन काढून टाकण्यात आले, आणि त्यावर विसंबून असलेली कित्येक जुनी पॅकेजे, त्यांत गुरुवर्यांचेही, बांधली जाईनाशी झाली. मूळ लेखकाने आपल्या बाजूची दुरुस्ती करून नवी आवृत्ती प्रसिद्धही केली असेल. आपण मात्र जुन्याच आवृत्तीशी एकनिष्ठ राहावे. लोक खाली पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या ओळी, डकवतील, दुसरे कोणी त्या पॅचला पॅच सुचवतील, आणि प्रत्येक नवा माणूस ती सगळी टिप्पणीमाला वाचून हाताने फाइल बदलून घेईल. समुदायाने चालवलेले सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच, असे समजून समाधान मानावे.

टिप्पण्यांना उत्तर देऊ नये. खात्याला जोडलेला ईमेल महाविद्यालयीन काळातला असल्यास फारच उत्तम.

कोणी नम्रपणे ‘मला सह-मेंटेनर करून घेता का?’ असे विचारले तर त्या प्रश्नाकडे तर मुळीच पाहू नये, कारण सह-मेंटेनर आला की पॅकेज अद्ययावत होण्याचा धोका संभवतो.

खरी परीक्षा ऑर्फन रिक्वेस्ट, म्हणजे पॅकेज बेवारस ठरवण्याची विनंती, येते तेव्हा असते. एयूआरच्या नियमांनुसार मेंटेनरने दोन आठवडे काहीच प्रतिसाद दिला नाही, तर पॅकेज त्याच्याकडून काढून घेता येते. आणि ते किमान १८० दिवस आउट ऑफ डेट (कालबाह्य) म्हणून फ्लॅग केलेले, म्हणजे तशी खूण लावलेले, असेल, तर ही विनंती आपोआप मंजूर होते. नियम चांगले आहेत आणि ते करणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. फक्त प्रतिसाद देणे आणि काम करणे यांत जे अंतर आहे, त्यात मेंटेनरला सुखाने संसार थाटता येतो. म्हणून मुदत संपत आली की एखाद्या रात्री लॉगिन करावे, ‘सध्या कामाचा व्याप आहे, येत्या शनिवार-रविवारी पाहतो’ असे एक वाक्य लिहावे, फ्लॅग काढून टाकावा आणि निघून जावे. शनिवार कोणत्या महिन्यातला, ते लिहू नये. फ्लॅग निघाला की १८० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पॅकेज तेव्हाही बांधले जात नव्हते, आताही जात नाही, पण पानावर कोठेही लाल अक्षर दिसत नाही. या कामगिरीनंतर मी पुन्हा फ्लॅग केला, तर गुरुवर्य पुन्हा आले! ज्या माणसाला पाच-सहा जणांचे पॅच, बांधणीचे संपूर्ण लॉग आणि दोन सभ्य पत्रे दिसली नव्हती, त्याला मालकी जाण्याची सूचना मात्र बरोबर दिसली. म्हणजे ईमेल पोहोचत होते. सगळे पोहोचत होते. तो वाचत होता आणि गप्प बसत होता, आणि ज्या मिनिटभरात त्याने फ्लॅग काढला त्याच बैठकीत आवृत्तीचा आकडा बदलणे त्याला शक्य होते. काय करायचे होते? पीकेजीबिल्ड या बांधणीच्या फाइलमधला एक आकडा बदलायचा, अपडपीकेजीसम्स चालवून नवी चेकसम (फाइल पडताळण्याची खूण) घ्यायची, मेकपीकेजीने एकदा बांधून पाहायचे, एसआरसीइन्फो ही माहितीची फाइल नव्याने काढायची आणि सगळे एयूआरवर पाठवायचे (पुश). एवढेच. हे त्याच्याने होईना आणि दुसऱ्याला तो करू देईना. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव असलेला मुंबईचा भाऊबंद असाच असतो. घराची कौले उडाली तरी शाकारणार नाही, आणि गावातल्या चुलतभावाने शिडी लावली की तेवढ्यापुरता ‘हात लावायचा नाही’ म्हणून फोन येतो. तो निदान गणपतीला तरी घर उघडतो.

असो. लेख उपदेशाचा आहे, याचे भान ठेवून पुढे जातो.

कोणी फारच पिच्छा पुरवला तर सुरक्षिततेचा मुद्दा काढावा. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्रोरीड नावाचे ऑर्फन पॅकेज एकाने दत्तक घेतले आणि संगणकाची माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट त्यात घुसवली. हे उदाहरण तोंडपाठ असावे. त्याच वर्षी एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोठारातल्या इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजचा मूळ लेखक कंटाळला होता, म्हणून त्याने पॅकेज मागणाऱ्या अनोळखी माणसाला देऊन टाकले, आणि त्या माणसाने बिटकॉइनच्या एका वॉलेटवर डोळा ठेवून त्यात घातक कोड आणला. सर्वांत वजनदार दाखला एक्सझेड या फाइली आकसून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकावर शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो पेरणाऱ्याने आधी दोनेक वर्षे गोड बोलून आणि चांगले काम करून विश्वास कमावला होता, आणि थकलेल्या एकट्या मेंटेनरवर ‘सोडून द्या, दुसऱ्याला द्या’ असा दबावही आणला गेला होता. हे सांगितले की समोरचा गप्प होतो. मीही झालो होतो, कारण भीती खरी आहे, आणि पॅकेज मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलेच पाहिजे, माझ्याकडेसुद्धा. पण मग पाहा ना! एयूआरवरचे प्रत्येक पॅकेज म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी एक गिट रेपॉझिटरी आहे, माझ्या पॅचमध्ये मोजून तीन ओळींचा फरक आहे, तो वाचायला डोळे पुरतात. ज्याने वर्षभर एक ओळ वाचली नाही त्याने एक्सझेडचे नाव घेऊन पहारेकऱ्याचा आव आणू नये. पहारेकरी जागा असावा लागतो, ही किमान अट आहे.

डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या वितरणाकडेही लक्ष ठेवावे. तिथे २०१८ पासून सॅल्व्हेजिंगची रीत आहे: ज्याला पॅकेज वाचवायचे आहे त्याने तसा इरादा बगच्या (दोषनोंदीच्या) रूपाने जाहीर करायचा आणि किमान २१ दिवस थांबायचे. मेंटेनरने मुदतीत आक्षेप घेतला की प्रक्रिया तिथेच संपते. कला तीच, दालन मोठे.

एक पॅकेज पुरे होत नसेल तर ऑर्फन झालेली आणखी पंधरा-वीस दत्तक घेऊन ठेवावीत. प्रोफाइल भरलेले दिसते.

ऑगस्टच्या आरंभी मासेमारीची बंदी उठली आणि होड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या, त्या आठवड्यात माझा कागद निघाला नाही. एका तांडेलाने दारात उभे राहून विचारले, “तुझो कॉम्प्युटर भरतीची वेळ कित्याक सांगना नाय रे?” त्यांना डिस्टयुटिल्स काय सांगू? पॅच हाताने लावून, मध्येच वीज गेल्यावर पुन्हा सुरुवातीपासून बांधून, मी तो कागद दुसऱ्या दिवशी दिला. मला पॅच लावता येतो म्हणून निभावले. ज्याला येत नाही त्याने काय करावे?

आता उपरोध पुरे. अहो, तुम्ही फुकट काम करता, हे मला मान्य आहे. मीही इतर दोन पॅकेजे फुकटच सांभाळतो. तुमच्याकडून कोणी पगारी नोकराची हजेरी मागत नाही. आजारपण येते, नोकरी बदलते, घरात लहान मूल येते, त्या संगणकावरून मनच उडते. यातले कोणतेही कारण पुरेसे आहे आणि ते कोणाला सांगायचीही गरज नाही. पण काम सोडायचे आणि ताबा ठेवायचा, हे चालणार नाही. तुमच्या नावामुळे दुसऱ्याचा हात अडतो, आणि तुम्ही ते जाणूनबुजून करता, कारण फ्लॅग काढायला तुम्ही स्वतः येता. पॅकेजच्या पानावर उजवीकडच्या चौकटीत ‘डिसओन पॅकेज’, म्हणजे पॅकेजची मालकी सोडा, असा दुवा आहे. सह-मेंटेनर नेमलेला असेल तर पॅकेज त्याच्याकडे जाते, नसेल तर ऑर्फन होते आणि ज्याला हवे तो ते घेतो. फ्लॅग काढण्याला जेवढा वेळ लागला, तेवढाच याला लागेल. पुढच्या वेळी लॉगिन कराल तेव्हा तो दुवा दाबा आणि मग खुशाल झोपा.