रिकामं की बंद?

फॅसिलिटीच्या कामात पडलं की संडासावर बोलायची लाज आपोआप जाते. लोअर परळच्या एका टॉवरचं हाऊसकीपिंग मी बघते. कुठल्या मजल्यावरचा फ्लश गळतो आणि कुठल्या मजल्यावरचे साहेबलोक टिश्यूचा गठ्ठा कमोडात कोंबतात, हे मला पाठ आहे. त्यामुळे सार्वजनिक शौचालयांत सेन्सर बसवून आत किती माणसं आहेत ते मोजावं की नाही, यावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी धरून चालते. पोस्ट लांब आहे. लोकलमध्ये बसायला मिळालं असेल तर वाचा, लटकत असाल तर राहू द्या.

मत आधीच सांगून टाकते. बसवा सेन्सर. पण त्याचा आकडा रांगेत उभ्या असलेल्या बाईला दिसणार नसेल, आणि संडास रिकामा आहे की बंद आहे हेच त्याला कळणार नसेल, तर ते पैसे कड्या आणि फिनेलवर खर्च केलेले बरे.

आमच्याकडे सेन्सर यायच्या आधी प्रत्येक टॉयलेटच्या दारामागे एक तक्ता लटकलेला असायचा. तासातासाचे रकाने आणि पुढे सही. मॉलमध्ये, हॉस्पिटलात, थिएटरात तुम्हीही बघितला असेल. पुढच्या वेळी जरा निरखून बघा. सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत ठोकलेल्या असतात, आणि कधीकधी पाच वाजताची सही तीनलाच होऊन गेलेली असते. यात मावशींना बोल लावण्यात अर्थ नाही. दर तासाला साफसफाई हा नियमच बिनडोक आहे. अकरा वाजता आत कुणी फिरकलेलं नसतं तरी पुसायचं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आत पाऊल टाकवत नाही तेव्हा मात्र तास भरायची वाट बघायची. सेन्सर आल्यावर हे बदललं. ठरावीक वापर झाला की सुपरवायझरच्या फोनवर निरोप येतो आणि मावशी जाते. वासाच्या तक्रारी कमी झाल्या, फिनेलही कमी लागतं.

यात फार मोठं विज्ञान आहे असंही नाही. दाराला एक लोहचुंबक आणि चौकटीला एक चिमुकला स्विच असतो. दार लागलं की आत कुणीतरी आहे असं समजायचं. दुसरा प्रकार छतावरचा, अंगाची उष्णता इकडून तिकडे हलली की ती टिपणारा. ऑफिसातले दिवे आपोआप लागतात ते याच्यामुळे, आणि कमोडवर शांत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा मध्येच जातो तोही याच्यामुळेच. न हलणारा माणूस त्याला दिसत नाही. मग अंधारात बसून हात हलवत राहा! तिसरा रडारचा, महागडा. श्वास घेताना छाती हलते तेवढी हालचालही त्याला कळते. चौथा प्रवेशाच्या दारावर आडवा किरण टाकतो, तो तुटला की एक माणूस मोजतो. शिवाय अमोनिया हुंगणारे, पाइपमधलं पाणी मोजणारे, टाकीची पातळी सांगणारे असतातच. बरेचसे बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतात, कारण दिवसभरात त्यांना पाठवायचे असतात ते मोजके आकडे, आणि लोरा नावाच्या रेडिओच्या पद्धतीने ते थोड्याशा विजेवर लांब जातात.

आता हे सगळं उचलून एखाद्या स्टेशनाबाहेर आणा. ज्याला आपण सरसकट ‘सुलभ’ म्हणतो, चालवणारा कुणी का असेना.

पहिली अडचण कडीची. बायकांच्या बाजूला कडी धड असणं हे नशीब. कुठे कडीच्या जागी सुतळी असते, कुठे नुसती दोन भोकं. एका हाताने दार ओढून धरायचं, पर्स अडकवायला खुंटी नाही म्हणून पट्टा दातात, ओढणी मानेभोवती, आणि मैत्रीण बाहेर पहाऱ्याला. हे दार कधी पुरतं लागतच नाही, त्यामुळे चौकटीतला स्विच शपथेवर सांगेल की आत कुणी नाही. दारावरच्या किरणाची वेगळी तऱ्हा. कडेवर पोर घेतलेली बाई एक. खांद्याला खांदा लावून आत शिरलेल्या दोघी जावा, त्याही एकच. बादली घेऊन तीनदा आत-बाहेर करणारा केअरटेकर मात्र तीन. अमोनियाचा स्वस्तातला सेन्सर तर पावसाळ्यातल्या दमट हवेत भलतंच काहीतरी सांगायला लागतो.

एवढ्यावरून सेन्सर निकामी ठरत नाहीत. आकडा चुकतो, पण रोज साधारण तेवढाच आणि त्याच बाजूला चुकतो. शनिवारी सोमवारच्या दुप्पट गर्दी होती, संध्याकाळी सात ते नऊ बायकांची बाजू तुंबली होती, हे चुकीच्या आकड्यांतूनही स्वच्छ कळतं. ज्यांना काही करायचंच नसतं ते ‘आकडे अचूक नाहीत’ म्हणून फाइल बाजूला ठेवतात. ते मला पटत नाही.

मला खरा त्रास आहे तो कुलपाचा. एका स्टेशनाजवळचं शौचालय माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. नाव घेत नाही, कारण तुमच्याही वाटेवर असंच एखादं असणार. बायकांचे तीन संडास, त्यातल्या एकाला कायमचं कुलूप. आत झाडू, निळा ड्रम आणि कुणाचा तरी जुना पंखा. हा संडास सेन्सरला कसा दिसेल? स्विच म्हणेल दार लागलेलं आहे, म्हणजे आत कुणीतरी आहे. छतावरचा म्हणेल काही हालचाल नाही, म्हणजे रिकामं. दोघेही खोटं बोलतायत आणि वरच्या साहेबाच्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार.

एक कुलूप किती महागात पडतं बघा. समजा बाईला आत सरासरी तीन मिनिटं लागतात. साडी, सलवारची नाडी, पिशव्या, सोबतचं मूल, पाळीचे दिवस; तीन मिनिटं म्हणजे काही चैन नव्हे. तीन संडास चालू असतील तर तासाला साठ बायका मोकळ्या होतात. एकाला कुलूप लागलं की चाळीस. तासाला पन्नास जणी येत असतील, तर तिन्ही चालू असताना थोडंफार थांबून सगळ्यांचं निभतं. दोनच चालू असतील तर दर तासाला रांगेत दहा जणींची भर पडते आणि गर्दी ओसरेपर्यंत ती रांग हटत नाही. मग ‘बायकांना वेळच फार लागतो’ हे आहेच ऐकायला. पुरुषांच्या बाजूला तेवढ्याच जागेत मुताऱ्यांची ओळ मावते, हे कुणी बोलत नाही. न्यूयॉर्कने २००५ साली कायदा करून नव्या थिएटर-स्टेडियमसारख्या ठिकाणी पुरुषांच्या दुप्पट सोय बायकांसाठी करायला लावली. आपल्याकडेही स्वच्छ भारतच्या निकषांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक संडास असं धरलंय. म्हणजे कागदावर हे सगळ्यांना कळलेलं आहे.

सेन्सरच्या आकड्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती इथेच. आत गेलेली बाई तो मोजतो. न गेलेली कोण मोजणार? सकाळी घरून निघताना अर्धाच कप चहा घेणारी, दिवसभर बाटलीला तोंड न लावणारी, दादरच्या पुलाखाली भाजी विकणारी, चार घरची कामं करणारी, नाक्यावर बंदोबस्ताला उभी असलेली कॉन्स्टेबल. यांनी धरून ठेवायचं अंगवळणी पाडून घेतलंय, आणि लघवीच्या जळजळीवर औषधंही घेतात गुपचूप. सेन्सरच्या अहवालात यांची नोंद होते ती ‘महिला विभागाचा वापर कमी’ अशी. पुढच्या बैठकीत कुणीतरी सुचवणार, एवढा कमी वापर आहे तर एक संडास स्टोअररूमला द्या की. रात्री दोन वाजता वस्तीतल्या शौचालयात शून्य बायका, असा आकडा येईल तेव्हा कुणी विचारेल का की वाटेवर दिवा होता का?

मुंबईत ‘राईट टू पी’वाल्या बायका २०११ पासून हेच सांगत आल्यात. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईने मात्र लघवीलाही पैसे मोजायचे, या अन्यायावर त्यांनी सह्या गोळा केल्या, पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानेही राज्यातल्या महापालिकांना महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालयं उभारायला सांगितलं. या भांडणात सेन्सर आपल्या बाजूने साक्ष देऊ शकतो. आत किती जणी गेल्या हे दारावर मोजलं गेलं की गल्ल्यात किती पैसे पडायला हवे होते तेही निघतं. आणि फुकट असलेल्या ठिकाणी टेबलावरचा भाऊ ‘ताई, पाच रुपये’ म्हणतो तेव्हा ते पैसे कुठे जातात, हाही प्रश्न निघतो. सेन्सरला खरा विरोध कुठून होईल ते आता वेगळं सांगायला नको.

कॅमेऱ्याचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. छतावर काहीतरी गोल, काळं, लुकलुकणारं दिसलं की बाई आल्या पावली परत फिरेल, आणि तिचं काहीही चुकणार नाही. चेंजिंग रूममधल्या छुप्या कॅमेऱ्यांच्या बातम्या वाचतच आपण मोठ्या झालोय. चोरून बघणं, चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे हे खरं, पण गुन्हा नंतर सिद्ध होतो आणि भीती आधी वाटते. म्हणून आतल्या बाजूला, डोक्यावर काहीच नको. जे काय मोजायचं ते प्रवेशाच्या दारावर आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला, उघड्यावर, खाली मोठ्या अक्षरांत ‘हा कॅमेरा नाही’ असं लिहून, चित्र काढून. आणि कृपा करून ॲप नको, ओटीपी नको. नुसता आकडा कुणाचाच नसतो. त्याला मोबाइल नंबर चिकटला की कोण बाई किती वाजता कुठे गेली याची नोंद तयार होते. २०२३ साली वैयक्तिक डेटाचा कायदा झाला म्हणून ती नोंद कुणाच्या हाती पडणारच नाही, इतकी भाबडी मी नाही.

‘आत जास्त वेळ कुणी असेल तर सूचना’ ही सोयही जपून वापरायची गोष्ट आहे. साखर उतरून कुणी आत कोसळलं तर जीव वाचेल, मान्य. पण ती सूचना दारावर बुक्क्या मारणाऱ्या माणसाकडे जाणार असेल तर पॅड बदलणाऱ्या पोरीचं काय होईल? ती बाईच्या हातात जावी, आणि बाईने आधी हाक मारावी.

आणखी एक, आमच्याच बिल्डिंगमधलं. सेन्सरवाल्या कंपनीच्या अहवालात एक रकाना होता: निरोप गेल्यापासून मावशी किती मिनिटांनी पोचली. मॅनेजमेंटला तो फार आवडला. मी भांडून तो काढायला लावला. लिफ्ट भरलेली, ट्रॉली जड, आणि ही मावशी स्वतः टॉयलेटला कधी जाते याचा रकाना कुठेच नाही. मोजायचं तर संडासाला मोजा.

वस्त्यांतल्या शौचालयांवर खरं तर वेगळी पोस्ट हवी. तिथे सकाळी गर्दी असते हे कळायला सेन्सर लागत नाही, डबा घेऊन उभं असलेलं पोरही सांगेल. तिथे मोजायचं असेल तर पाणी किती वाजता आलं, मैल्याची टाकी किती भरली, लादीखालची जमीन खचतेय का, हे मोजा. २०१७ साली मानखुर्दला आणि २०१८ साली भांडुपला शौचालय खचून माणसं टाकीत पडून मेली. तिथे गर्दीचा सेन्सर लावून फीत कापायला कुणी येणार असेल, तर वस्तीतल्या बायका काय ऐकवतील ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जपानच्या हायवेंवरच्या थांब्यांवर बाहेरच फलक असतो, कुठला संडास मोकळा ते दिव्यावर दिसतं. टोकियोत तर शिगेरू बान या वास्तुविशारदाने २०२० साली बागेतलं शौचालय रंगीत पारदर्शक काचेचं केलं. आत स्वच्छ आहे, कुणी लपलेलं नाही, हे बाहेरूनच कळावं आणि कडी लावली की काच धूसर व्हावी. (आपल्याकडे कडीवर एवढा भरवसा ठेवायची हिंमत कुणाची होणार?) मला त्यातली काच नको, पण बाहेरूनच कळावं हा विचार हवा आहे. आपल्याकडे ‘स्मार्ट’ म्हटलं की आकडे वर साहेबाकडे जातात आणि दाराशी उभ्या बाईच्या वाट्याला तोच वास येतो.

तर माझी मागणी निविदेतल्या कलमांपुरती आहे. शौचालयाबाहेर मराठी-हिंदीत फलक: बायकांचे चालू किती, बंद किती, बंद असलेले कुठल्या तारखेपासून. ठेकेदाराचं बिल किंवा दंड चालू संडासांच्या दिवसांवर. वापर कमी आहे या कारणाखाली महिला विभागातली एकही जागा कमी करता येणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं. दर महिन्याचे आकडे वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर. आणि कडी तुटलेला, पाणी नसलेला किंवा दिवा नसलेला संडास ‘बंद’मध्येच मोजायचा. याचा एक पानी अर्ज मी मराठीत लिहून ठेवलाय, ज्यांना आपापल्या वॉर्डात द्यायचा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये मागा.