‘गोव्यात थंडी बाधत नाही’ : पावसाळी डोंगरवाटेवरील एका समजाचा प्रतिवाद

दर जूनमध्ये सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांतील धबधबे वाहू लागले की गोव्यातील व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गोव्यात थंडी बाधत नाही, त्यामुळे पावसाळी ट्रेकला सुती टी-शर्ट पुरेसा आहे, भिजलात तर चालत राहा, अंग आपोआप तापते, रेनकोट हे निव्वळ ओझे आहे, आपले पूर्वज त्याविनाच रानात राबत होते, आणि फारच गारठा वाटला तर फेणीचे दोन घोट घ्यावेत. तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्यावर विसंबून, सुक्या कपड्यांचा एक जोडही न घेता रानात शिरणाऱ्या मुलामुलींची मनापासून काळजी वाटते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

पहिल्या विधानाचा आधार म्हणजे किनारपट्टीचे तापमान. पणजीत जुलैमध्ये दिवसा 28-29 आणि रात्री 24 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असते, हे खरेच आहे. मात्र उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारणपणे पाच-सहा अंशांनी उतरते, आणि चोर्ला घाटाचा माथा किंवा सोसोगडाचा परिसर हा किनारा नव्हे. तेथे पावसाळी संध्याकाळी पारा विशीच्या आसपास येतो व वर वारा असतो. शरीराच्या आतील तापमान 37 अंशांवरून 35 च्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, ओले अंग, वारा, थकवा आणि रिकामे पोट एकत्र आले तरी पुरते. आपल्याकडे ही अवस्था टोकाला जाणे विरळा, हे मान्य करायलाच हवे. पण आपल्या वाटांवरचा खरा धोका त्याच्या कितीतरी आधी, हात-पाय आणि विचार मंदावण्यापासूनच सुरू होतो.

सुती कपड्याविषयीचा सल्ला उन्हाळ्यात योग्य, पावसात मात्र चुकीचा आहे. सूत पाणी शोषून धरते, अंगाला चिकटते आणि तंतूंमधील हवेची जागा पाण्याने भरते. पाणी तर हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय अंगावरचे एक ग्रॅम पाणी सुकण्यासाठी जवळपास 580 कॅलरी उष्णता लागते. भिजलेल्या टी-शर्टमध्ये 200 ग्रॅम पाणी सहज मावते, म्हणजे ते सुकवायला सुमारे 116 किलोकॅलरी हव्यात, आणि स्वस्थ बसलेले शरीर तासाला साधारण 70 ते 80 किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. यातील काही भार हवा उचलत असली तरी बराचसा अंगावरच पडतो. उपाय महागडा नाही : गोव्यात घरोघरी असलेली पॉलिएस्टरची फुटबॉल जर्सी पाणी फारच कमी शोषते आणि लवकर सुकते.

‘चालत राहा’ या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो चालता येईल तोवरच उपयोगी आहे. एखाद्याचा पाय मुरगळतो, वाट चुकते, किंवा सकाळी घोट्यापर्यंत असलेला व्हाळ, म्हणजे ओढा, परतताना कमरेपर्यंत चढलेला असतो. जुलै 2024 मध्ये सत्तरीतील पाळी धबधब्यावर गेलेली सुमारे 80 माणसे पाणी वाढल्याने अडकून पडली आणि त्यांना बचाव पथकांनी बाहेर काढले. अशा वेळी चढणीने तापलेले, घामाने व पावसाने ओले झालेले अंग थांबल्यानंतर झपाट्याने निवते. उघड्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, वाऱ्यात थोडा वेळ उभे राहिले तरी बोटे आखडतात. बुटाची नाडी सुटत नाही, पिशवीची चेन ओढता येत नाही, फोनचा ओला पडदा बोटाला दाद देत नाही. शेवाळलेल्या जांभ्या दगडावरून उतरताना किंवा दोर धरून व्हाळ ओलांडताना हीच बोटे आधार असतात. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला सुका जोड गाडीत ठेवून चालत नाही, तो पाठीवर हवा आणि लांबच्या थांब्यावर पोचताच आडोसा पाहून अंगावर चढवायला हवा.

रेनकोटाच्या आत घामाने भिजायला होते, ही तक्रार रास्त आहे. तरीही त्याचे मोठे काम वारा अडवणे हे आहे. चढताना तो उघडा ठेवावा, माथ्यावर गळ्यापर्यंत बंद करावा. पूर्वजांचा दाखला तर उलट बाजूने साक्ष देतो. लावणीला वाकलेली माणसे इरले पांघरत होती, आणि गुरांमागे दिवसभर पावसात हिंडणारा धनगर घोंगडीविना बाहेर पडत नसे, कारण लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. संध्याकाळी त्यांना पेटती चूल आणि गरम पेज मिळत असे, ही गोष्टही विसरता कामा नये.

फेणीविषयी अधिक सावधपणे बोलायला हवे, कारण पावसाळ्यात सर्दी-पडशावर घोटभर फेणी देण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. घरात, पांघरुणाखाली असताना गोष्ट वेगळी. रानात मद्य त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावते, आतले उबदार रक्त त्वचेकडे येते, ऊब आल्यासारखे वाटते आणि तीच उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. शरीराला उष्णता मिळवून देणारी थरथर मद्याने मंदावते, उपाशी माणसाच्या रक्तातील साखर उतरू शकते, आणि व्हाळ आत्ता ओलांडावा की थांबावे हा निर्णयही बिघडतो. थर्मासमधला गुळाचा कोरा चहा आणि मूठभर शेंगदाणे यांनी ते काम अधिक चांगले होते.

याच संदेशाच्या काही प्रतींत ‘थरथर थांबली म्हणजे अंगाला सवय झाली’ असेही जोडलेले असते, आणि ते सर्वांत घातक आहे. ऊब न मिळता थरथर थांबली, बोबडी वळू लागली, माणूस अडखळू लागला किंवा विचारलेल्याचे भलतेच उत्तर देऊ लागला, तर त्याची स्थिती बिघडत चालली आहे असे समजावे. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून सुके घालावेत, ओल्या जमिनीवर न बसवता खाली पिशव्या अंथराव्यात, डोके झाकावे. तो पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच कोमट गोड पेय द्यावे. हात-पाय चोळू नयेत, त्याला उठवून जबरदस्तीने चालवू नये. रेंज मिळताच 108 वर फोन करावा; घाटात ती बहुधा मिळत नाही, म्हणून दोघांनी मिळून खाली जावे आणि उरलेल्यांनी आजाऱ्याला मध्ये घेऊन बसावे.