दोन तासांत एकच हंस का? आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या पुण्यातील दुकानात भरणाऱ्या नवशिक्यांच्या ओरिगामी (कागदाला घड्या घालून आकार करण्याची जपानी कला) वर्गाला आलात आणि घरी गेल्यावर सविस्तर अभिप्राय लिहिलात, याबद्दल आभारी आहे. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: दोन तासांत मुलीचा एकच हंस झाला आणि त्याचीही मान वाकडी राहिली, पहिल्या दोन घड्याच पुन्हा पुन्हा उलगडायला लावल्या, ताईंनी तिच्या कागदाला हातही लावला नाही, कागद साधा घोटीव होता, तक्त्यावर नुसते बाण आणि रेषा होत्या, आणि हजार पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेला जपानी क्रौंच शिकवलाच नाही. हे सगळे व्हिडिओवर फुकट मिळते, म्हणून अर्धे शुल्क परत मिळावे, असे आपण म्हटले आहे. हा वर्ग लावावा की नाही, या विचारात असलेले इतर पालकही आपला अभिप्राय वाचत असतील, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

आपण जोडलेले हंसाचे छायाचित्र मी मोठे करून पाहिले. त्याच्या मानेच्या पुढच्या कडेवर एक बारीक पांढरी रेघ आहे, ती चोचीकडे जाताना रुंद होत जाते आणि मान डावीकडे कलली आहे. मान वाकडी होण्याचे कारण मानेत नाही. ते दुसऱ्या घडीत आहे. हा हंस करताना चौकोनी कागद एका कर्णावर दुमडून उलगडतात आणि मग एका टोकाच्या दोन्ही कडा त्या कर्णावर आणून पतंगासारखा आकार करतात. त्या दोन कडा मधल्या रेषेवर नेमक्या भेटल्या नाहीत, तर कागदाची पांढरी बाजू मध्ये उघडी राहते आणि मान वर ओढल्यावर तीच फट पुढून दिसते. ताई ज्या घड्या पुन्हा उलगडायला लावत होत्या, त्या नेमक्या याच होत्या.

या दोन घड्यांवर आम्ही इतका वेळ का घालवतो, हे कोनांच्या हिशेबावरून लक्षात येईल. चौकोनाचे टोक 90 अंशांचे असते. पहिल्यांदा कडा मध्यावर आणल्या की ते 45 अंशांचे होते, कागद पालथा करून पुन्हा कडा आणल्या की 22.5 अंशांचे आणि पक्षी लांबीत अर्धा दुमडला की 11.25 अंशांचे. म्हणजे चोचीपाशी कागदाचे 8 थर एकावर एक येतात, आणि पहिल्यांदा मध्यावर आणताना कड दोन मिलिमीटर जरी सरकली असली, तरी त्या आठ थरांची टोके एका जागी येत नाहीत. तिथे कितीही दाबले तरी मान सरळ होत नाही. उलट कागद सुरकुततो आणि मूल चिडते. सुरुवातीला पाच मिनिटे जास्त देऊन घडी उलगडली, तर ती दुरुस्त होते. शेवटी तिला काही इलाज नाही.

घोटीव कागदाचे कारणही हेच आहे. आपल्याला जाड, नक्षीदार कागद अपेक्षित होता आणि दिसायला तो नक्कीच सुंदर असतो. पण कार्डशीटचे आठ थर एका टोकात मावत नाहीत, घडीवर त्याचा रंग तडकतो आणि लहान बोटांना तो नखाने दाबता येत नाही. घोटीव कागद पातळ असतो, एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असतो. त्यामुळे कुठे चुकले ते पांढऱ्या रंगातून मुलाला स्वतःलाच दिसते. शिकवणाऱ्याने बोट दाखवण्याची गरज उरत नाही. नवशिक्याला यापेक्षा चांगला कागद मला माहीत नाही. बाजारातल्या पाकिटांतले कागद पुष्कळदा पुरते चौकोनी नसतात, म्हणून वर्गासाठी आम्ही ते यंत्रावर 15 सेंटिमीटरचे कापून घेतो.

ताईंनी कागदाला हात लावला नाही, ही तक्रार सर्वांत मनापासूनची वाटली, आणि आपल्या जागी मीही कदाचित तसेच म्हटले असते. तरीही हा आमच्या वर्गाचा पक्का नियम आहे आणि तो बदलण्याचा विचार नाही. शिकवणारी व्यक्ती स्वतःच्या कागदावर दहा वेळा करून दाखवेल, मुलाशेजारी बसेल, कुठली कड कुठे न्यायची ते सांगेल. पण मुलाचा कागद हातात घेणार नाही. मोठ्यांनी घातलेली एक घडी घरी पोचेपर्यंत विसरते, आणि मग दुसरा पक्षी करायला बसलेले मूल बरोबर त्याच घडीपाशी अडते. आपली मुलगी वाकड्या मानेचा का होईना, पूर्ण स्वतःच्या हाताने केलेला हंस घेऊन गेली. आमच्या दृष्टीने त्या दोन तासांत व्हायला हवे होते ते हेच.

तक्त्यावर मराठी सूचना नाहीत, हेही जाणीवपूर्वक आहे. तुटक रेषा म्हणजे आत जाणारी घडी, रेघ आणि ठिपके म्हणजे बाहेर येणारी घडी, बाण म्हणजे कागद कुठे न्यायचा, ही चिन्हांची पद्धत जपानचे अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी घडवली आणि 1954 मध्ये पुस्तकातून मांडली. थोड्याफार भरीनंतर ती आज जगभर वापरली जाते. ही चिन्हे एकदा वाचता आली की मुलाला जपानी येत नसले तरी जपानी पुस्तकातला पक्षी करता येतो. व्हिडिओला माझा विरोध नाही, त्यात चांगले शिकवणारे आहेत. पण व्हिडिओत दुसऱ्याचे हात दिसतात. आपल्या कागदाची कड भेटली की नाही, हे त्यातून कुणी सांगत नाही.

आता क्रौंचाविषयी. तो पक्षी आम्ही शिकवतो, मात्र दुसऱ्या वर्गात, आणि नोंदणीच्या पानावर पहिल्या वर्गासमोर ‘हंस’ असेच लिहिलेले आहे. क्रौंचासाठी आधी चौकोनी पाया करावा लागतो, मग एक थर वर उचलून दोन्ही बाजू आत मिटवणारी पाकळीची घडी दोन्ही अंगांनी घालावी लागते, आणि शेवटी मान व शेपूट आतून उलटवून वर काढावी लागते. कड मध्यावर आणण्याचा सराव नसलेल्या मुलाला पाकळीची घडी रडकुंडीला आणते. शिवाय त्या पक्ष्यासोबत हिरोशिमाच्या सासाकी सादाकोची हकिकत येते. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात असताना, हजार क्रौंच केले की इच्छा पूर्ण होते या जपानी समजुतीने, तिने कागदी क्रौंच केले, त्याच वर्षी बाराव्या वर्षी ती गेली आणि 1958 मध्ये हिरोशिमाच्या शांती उद्यानात मुलांचे स्मारक उभे राहिले. ही हकिकत दोन घड्यांच्या मधल्या वेळात उरकण्याची नाही, असे माझे ठाम मत आहे. मुले त्यावर पुष्कळ प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांना वेळ द्यावा लागतो.

वर्ग जाहीर केल्याप्रमाणेच झाला असल्याने शुल्क परत करता येणार नाही, हे नम्रपणे कळवतो. मात्र तो हंस घरीच सरळ करता येईल. नव्या कागदाची रंगीत बाजू खाली ठेवून कर्णावर घडी घालून उलगडावी. दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणताना टोकाकडून सुरुवात करावी, कड रेषेला नुसती टेकू द्यावी, रेषेपलीकडे नेऊ नये, आणि मगच नखाने घडी दाबावी. कागद पालथा करून पुन्हा तसेच करावे. निमुळते टोक समोरच्या टोकापर्यंत वर आणावे, त्याचा थोडा भाग डोक्यासाठी उलट दुमडावा, मान बाहेर राहील अशा बेताने पक्षी लांबीत अर्धा मिटवावा, आणि मान हळूच वर ओढून तिच्या बुडाशी चिमटीत दाबावे. पांढरी रेघ दिसली नाही, तर मान सरळच उभी राहील.

तरीही अडले, तर शनिवारी सकाळी दुकानात मुलीला घेऊन यावे. त्या वेळी ताई मोकळ्या असतात, वेगळे शुल्क नाही, आणि कागद आम्ही देऊ. येताना पहिला हंस मात्र अवश्य आणावा. तो पूर्ण उलगडून त्यावरच्या घड्यांच्या खुणा तिला स्वतःला वाचायला लावल्या, की कुठली कड सरकली होती ते तिलाच सापडेल. त्यानंतर क्रौंचाच्या वर्गाला तिची तयारी झाली आहे असे ताईंना वाटले, तर पुढच्या तुकडीत तिचे नाव आम्ही आधी धरू.

आपला,
दुकानाचा चालक