खुलासा: एव्हिएशनची पदवी म्हणजे पायलटचं लायसन्स नव्हे

‘बीएस्सी एव्हिएशन करा, पदवीसोबत पायलटचं लायसन्स मिळतं’ हा मेसेज परवा मीच ग्रुपवर टाकला होता. चूक झाली. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या साइटवर नियम वाचले. पदवी विद्यापीठ देतं, कमर्शियल लायसन्स डीजीसीए. त्यासाठी किमान २०० तास उड्डाण, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट) म्हणून, शिवाय डीजीसीएचे पेपर आणि क्लास वन मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी). भाच्याचं लॉगबुकही (उड्डाणाच्या तासांची नोंदवही) उघडून पाहिलं: पदवी हातात, बेरीज जेमतेम ६२ तास! काही कोर्सच्या फीमध्ये उड्डाण धरलेलं असतं, काहींत नुसते वर्ग. प्रवेशाआधी तेवढं लेखी विचारा, मेडिकल तर त्याहून आधी. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.