नेमकी कुठली पीएचपी.आयएनआय?

पीएचपी या भाषेत लिहिलेल्या वेबसाइटवर एक फाइल अपलोड व्हावी, एवढ्यासाठी किती डोकं फोडायचं माणसाने? पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमधली अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी. ती वाढवली तरी अख्ख्या पोस्टची, म्हणजे फॉर्ममधून एकदम पाठवलेल्या सगळ्या माहितीची मर्यादा वेगळी, ८ एमबी. ती ओलांडली की फॉर्ममध्ये भरलेलं सगळं गायब, ती माहिती जिथे येते तो पोस्टचा अ‍ॅरे रिकामा!

बरं, बदल करायचा कुठे? कमांड लाइनची आयएनआय वेगळी, ब्राउझरसाठी पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमची वेगळी. वर जादा सेटिंग्जच्या कॉन्फ.डी फोल्डरमधली एखादी फाइल मागून येऊन आपल्या ओळीवर बोळा फिरवते. टर्मिनल मेमरी लिमिट ५१२ एमबी दाखवतं, ब्राउझर १२८ एमबीवरच अडून बसलेला. कुणावर विश्वास ठेवायचा?

आणि '६४एम'ऐवजी '६४एमबी' लिहिलंत? पीएचपी ते ६४ बाइट धरतं. बाइट! ८.२ आवृत्ती येईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द नाही. वर्षानुवर्षं लोकांनी असे दिवसचे दिवस घालवले, ते कोण भरून देणार? ओळीआधीचा अर्धविराम (तो असला की ओळ धरलीच जात नाही) काढायचा राहिला, तरी तीच चिडीचूप शांतता. एफपीएम रीस्टार्ट केलं नाही, तरी तेच.

सगळं जुळवून आणावं, तर पुढे उभा असलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स ४१३, म्हणजे 'पाठवलेलं फार मोठं आहे' ही एरर फेकतो. त्याची मर्यादा १ एमबी!